चेन आणि टायरमधलं दोन सूत

फरशीवर काळा चुरा पडला होता. चिमूटभर, पेन्सिल खोडल्यावर वहीवर पडतो तसा. दादांनी वाकून बोट टेकवलं, अंगठ्यावर चोळलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "रबर हाय. टायर चेनला लागायलाय."

गाडी तेव्हा जेमतेम पन्नास फूट चालली होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात दादांच्या वर्कशॉपच्या दारातून निघून बोळाच्या टोकापर्यंत आणि परत. आवाज झाला नव्हता, धक्का बसला नव्हता. चुरा दिसला नसता तर मी ती तशीच टेम्पोत चढवली असती.

गाडी माझ्या मावसभावाची. वडिलांच्या काळातली साडेतीनशे बुलेट, कास्ट आयर्न इंजिनाची. तिची त्याला हार्डटेल करून हवी होती, म्हणजे मागचे शॉकअप आणि स्विंगआर्म काढून टाकायचे, चौकट सीटखालून थेट मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत ताठ न्यायची आणि मागं रुंद टायर. रस्त्यावर ती चालवायची नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. गोव्यात २०१३ साली इंडिया बाईक वीक सुरू झाला. तिथं टेम्पोनं नेऊन मांडायची आणि एरवी घरच्या शेताच्या वाटेवर फिरवायची, एवढाच बेत होता.

या कामात उलटी वाट चालल्यासारखं वाटतं, आणि ते खरंही आहे. १९४९ साली बाजारात आलेली साडेतीनशे बुलेट ही मागं स्विंगआर्म असलेल्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक. त्या वेळी बहुतेक मोटरसायकली मागून ताठच असत. हार्लेच्या मोठ्या गाड्यांना मागचे शॉकअप मिळायला १९५८ उजाडावं लागलं. ज्या गाडीनं मागच्या चाकाला मोकळं केलं, तिचंच चाक आम्ही पुन्हा जखडत होतो. दादांना हे मनापासून पटत नव्हतं. "चांगल्या गाडीचं वाटोळं," असं ते एकदाच म्हणाले, आणि मग हातात घेतलेलं काम असं केलं की बघत राहावं.

रुंद टायर म्हटलं की लोकांना दिखावा आठवतो. हार्डटेलमध्ये मात्र टायर हाच शॉकअप असतो. खड्ड्यात चाक गेलं की दबण्यासारखं तिथं दुसरं काहीच नाही. टायरची भिंत दबते, सीटखालची स्प्रिंग दबते, बाकीचं सगळं कण्याला. म्हणून मी रुंदीपेक्षा भिंतीच्या उंचीकडं बघायला सांगतो. २४०/४० चा टायर डोळ्यात भरतो, पण त्याची भिंत २४० च्या ४० टक्के, म्हणजे ९६ मिलिमीटर. आम्ही निवडलेला १५०/८०-१६ त्याच्यापुढं अरुंद दिसतो, पण त्याची भिंत १२० ची. हार्डटेलला मी नेहमी दुसराच बसवीन. शिवाय सोळा इंची रिमवर हा टायर चढवला की एकूण व्यास ६४६ मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि बुलेटच्या मूळ १९ इंची चाकाचा, ३.२५ च्या टायरसकट, व्यासही साधारण तेवढाच. म्हणजे चाक जवळपास दुप्पट रुंद होऊनही गाडीची उंची आणि गिअरची चाल बदलत नाही.

रुंदी वाढली की अडते ती चेन. बुलेटची चेन डाव्या अंगाला. मूळ टायर ८३ मिलिमीटरच्या आसपास, त्याच्या बेतानं चेन आखलेली. तिथं दीडशेचा टायर आणला तर चेन सरळ त्याच्या खांद्यातून जाणार. हिशोब सोपा आहे: टायरची निम्मी रुंदी ७५, चेनची निम्मी जाडी पिनांच्या टोकांसकट ११, आणि मध्ये मोकळीक ६. बेरीज ९२. चाकाच्या मध्यरेषेपासून चेनची मध्यरेषा निदान एवढी बाहेर हवी. त्या सहा मिलिमीटरला दादा 'दोन सूत' म्हणतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. व्हर्निअर त्यांच्या खिशात असतो, पण बोलायला सूतच.

चेन बाहेर कशी न्यायची? गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटखाली जाड बुश घालून ते बाहेर ढकलता येतं, पण बुलेटमध्ये लगेच पुढं प्रायमरी केस आडवी येते. रिमच हबवर उजवीकडं सरकवून आऱ्या ओवणारेही आहेत. चार-पाच मिलिमीटर चालून जातात, त्यापुढं मागचं चाक एका रेषेत आणि पुढचं दुसऱ्या रेषेत धावू लागतं. ही वाट दादांना मान्यच नव्हती. राहिला मधला शाफ्ट, ज्याला गाड्या बांधणारे जॅकशाफ्ट म्हणतात. गिअरबॉक्स आणि चाक यांच्यामध्ये चौकटीला जाड प्लेट जोडायची, तिच्यात बेअरिंगवर आडवा शाफ्ट बसवायचा. आतल्या टोकाच्या स्प्रॉकेटवर गिअरबॉक्सची चेन येते, ती टायरच्या पुढंच संपते. बाहेरच्या टोकाच्या स्प्रॉकेटवरून दुसरी चेन निघते ती टायरच्या बाहेरून थेट चाकाला. दोन्ही स्प्रॉकेटचे दाते सारखे ठेवले की वेग आणि ओढ जशीच्या तशी.

शाफ्ट दादांनी ईएन-२४ च्या सळईतून काढला. लेथवर पोलाद उतरताना मी लहानपणापासून बघत आलोय, माझ्या वडिलांचंही उद्यमनगरातच छोटं दुकान होतं. तरी दादा बेअरिंगची जागा काढतात तेव्हा बोलणं थांबतं. ६२०५ नंबरचं बेअरिंग, आतलं माप २५. शाफ्ट २५.१ आला की त्यांनी चाकूसारखी धारदार टूल लावली, कुलंटची धार वाढवली आणि नुसता मुंगीएवढा कीस काढायला सुरुवात केली. दोनदा मशीन बंद करून, शाफ्ट गार होऊ देऊन मग मोजलं. गरम पोलाद जाडच मोजलं जातं, घाई केली तर गार झाल्यावर बेअरिंग सैल. शेवटी बेअरिंग हातानं सुरू झालं, मध्यावर अडलं आणि लाकडी ठोकळ्याच्या दोन ठोक्यांत बसलं. दादांनी ते कानाजवळ धरून फिरवलं. वर्कशॉपात शेजारी दोन लेथ चालू होते, त्यातून त्यांना काय ऐकू आलं ते त्यांनाच ठाऊक, पण मान हलली.

चौकटीचं मागचं त्रिकोणी अंग सीमलेस पाईपचं. ते काम वेल्डरनं जिगवर बांधून एका दिवसात उरकलं, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एवढंच की डावा पाईप चेनच्याही बाहेरून जातो, म्हणून त्याची जागा आधी ठरवून वळवावी लागते. हब नवा, अ‍ॅल्युमिनियमच्या राऊंडमधून काढलेला, डावीकडं स्प्रॉकेट, उजवीकडं डिस्क. रिम साडेतीन इंच रुंद, चाळीस आऱ्यांची.

आणि इथं मी चुकलो. दादा म्हणाले होते, "आधी टायर चढीव, हवा भर, रातभर ऱ्हाऊ दे. मग मोज." टायर यायला उशीर होता. मी टायरच्या नावातलं १५० धरलं, ९२ ची बेरीज कागदावर लिहून दिली आणि त्यावरून शाफ्टची लांबी, हबची बैठक, प्लेटची जागा ठरली.

टायर आला तेव्हा तो आम्ही हातानंच चढवला. अशा जाड भिंतीच्या टायरशी झटापट करणारे लोक मी पाहिलेत, लिव्हरवर उभे राहतात. त्यात रिमची कड वाकते नाहीतर आत ट्यूब चिमटते. खरं काम ताकदीचं नाही. रिमच्या मध्यभागी खोलगट पन्हळ असते. टायरची एक बाजू गुडघ्यानं दाबून त्या पन्हळीत उतरवली, की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते आणि लिव्हर सहज फिरतो. पन्हळीतून कड वर आली की काम अडतं. आधी रिमपट्टी, मग शंखजिरं चोळलेली ट्यूब, जरा हवा भरून गोल केलेली, व्हॉल्व्हचा नट दोनच आटे लावलेला. टायरवरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी, कारण टायरचा तो भाग सर्वांत हलका. बाण फिरण्याच्या दिशेनं. कडांना साबणाचं पाणी. दादांचा पोरगा लिव्हर दोन-दोन इंचांनी पुढं सरकवत होता, आणि मी समोरून दोन्ही गुडघे टेकून बसलो होतो. हवा भरताना पहिली कड 'ठप' करून रिमवर बसली, दुसरी जरा वेळानं. मग चाक फिरवून टायरवरची बारीक रेघ रिमच्या कडेपासून सगळीकडं सारखी आहे का ते पाहिलं.

चाक बसलं, चेन चढली. चेनच्या जोडकडीची क्लिप बाहेरच्या अंगाला आणि तिचं बंद तोंड चालीच्या दिशेला. आत लावली तर टायरकडची मोकळीक आणखी कमी होते. उभ्या गाडीत बोट घालून बघितलं तर फट दिसत होती. मी खूश झालो, गाडी काढली आणि चुरा पडला.

दादांनी व्हर्निअर लावला. हवा भरलेला टायर १५४ मिलिमीटर. म्हणजे डावीकडं दोन मिलिमीटर तिथंच गेले, सहाचे चार उरले. त्यात भर म्हणजे चेन चालताना काही तारेसारखी ताठ राहत नाही, आडवी लचकते, आणि वेग वाढला की टायरही फुगतो. तरीही चार मिलिमीटर असताना बोळाच्या वेगात लागायला नको होतं. आणखी कुठंतरी पाणी मुरत होतं.

त्यांनी पोराला दोरी आणायला सांगितली. गवंडी वापरतात तसली, नायलॉनची. मागच्या टायरभोवतून घेऊन दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापलीकडं दोन स्टँडला ताणून बांधली. दोरी मागच्या टायरच्या दोन्ही कडांना, पुढच्या आणि मागच्या, जेमतेम टेकलेली. जरा जास्त सरकली तर टायरला वळसा पडून रेघ खोटी होते, म्हणून दादा स्टँड केसाकेसानं हलवत होते. आता हिशोब असा: मागचा टायर १५४, पुढचा ८४. चाकं एका रेषेत असतील तर पुढच्या टायरपासून दोरीपर्यंत दोन्ही बाजूंना ३५ ची फट यायला हवी. हँडल सरळ धरून मोजलं. उजवीकडं ३२, डावीकडं ३८.

तीन मिलिमीटर इकडचे तिकडं. मागचं चाक पुढं डावीकडं तोंड करून होतं, म्हणजे टायरची पुढची कड नेमकी चेनकडं कललेली. मागच्या टायरच्या लांबीत तो कल दीड मिलिमीटरसुद्धा नव्हता, डोळ्याला दिसणं शक्यच नाही. पण दोरी पुढच्या चाकापर्यंत गेली की तोच कल दुप्पट होऊन दिसतो. एका बाजूच्या अ‍ॅडजस्टरचा जेमतेम अर्धा आटा. दादांनी नट ढिला केला, अर्धा आटा फिरवला, पुन्हा आवळला, पुन्हा मोजलं. आवळताना चाक परत हललं होतं. तिसऱ्या वेळी दोन्हीकडं ३५ आले.

कल गेला तरी चार मिलिमीटरवर भागवायला ते तयार नव्हते. "ताठ गाडीत चेन ढिली-घट्ट होत न्हाई, ते एक बरं हाय," ते म्हणाले. खरं आहे. स्विंगआर्म वर-खाली झाला की चेनचा ताण बदलतो, हार्डटेलमध्ये चाक जागचं हलतच नाही. "पर मोकळीक म्हंजे मोकळीक." मधल्या शाफ्टच्या बाहेरच्या स्प्रॉकेटखाली चार मिलिमीटरची रिंग आणि चाकाच्या स्प्रॉकेटखालीही नेमकी तेवढीच, म्हणजे चेन समांतर सरकून बाहेर गेली. दोन्ही रिंगा एकाच राऊंडमधून, एकाच बैठकीत कापल्या, जाडीत फरक राहू नये म्हणून. स्प्रॉकेटचे बोल्ट बदलून लांब घेतले. डाव्या पाईपकडं दहा मिलिमीटर जागा होती, तिची सहा झाली. तीही दोन सूत. माझ्या कागदामुळं दादांचे दोन दिवस गेले, त्याचा एक शब्द त्यांनी काढला नाही. मजुरी मात्र मी मोजून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावसभाऊ आला. पोरानं बोळातली फरशी आणि दारासमोरचा कोबा ओल्या फडक्यानं पुसून घेतला. टायरमध्ये आधी ३२ चा दाब होता. त्यानं बोळातल्या गटाराच्या झाकणावरून गाडी नेली तेव्हा चेहराच सांगत होता. दादांनी अंगठ्यानं भिंत दाबली, जरा हवा सोडली, गेजवर २८ आणलं. त्याहून कमी नको, म्हणाले, कड दबून रिमला मार लागेल. पुन्हा झाकणावरून गेला. टायरची भिंत खालून फुगून परत जागेवर आलेली मला बाजूनं स्पष्ट दिसली, आणि या वेळी तो हसला.

तीन फेऱ्या झाल्या, चौथीला तो कोपऱ्यावरून वळून मोठ्या आवाजात आला. गाडी स्टँडवर लागल्याबरोबर दादा खाली बसले. स्वच्छ पांढरं चिंधूक चेनखालच्या कोब्यावरून फिरवलं, मग टायरच्या डाव्या खांद्यावरून, मग चेनच्या आतल्या कड्यांवरून. खिडकीच्या उजेडात नेऊन उलटसुलट पाहिलं. चेनच्या तेलाचा पिवळट डाग होता. काळं काही नव्हतं.

"ने," ते म्हणाले, आणि लेथकडं गेले.