पंधरा मिनिटांची परसबाग

पूर्वी घरामागे न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ वाढत असे. कढीलिंब, शेवगा तर दारचेच. त्यासाठी कोणी वेगळा वेळ काढत नसे. आज सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारे आणि रात्री आठला परतणारे कुटुंब बाग करायची म्हणते, तेव्हा जागेपेक्षा वेळेची अडचण मोठी असते. सुट्टीच्या उत्साहात वीस कुंड्या आणल्या जातात, महिनाभरात निम्म्या वाळतात आणि बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या कामात तेवढी भर पडते. म्हणून सुरुवात हिशेबाने करावी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारसूत्रानुसार प्रौढ व्यक्तीच्या दिवसाच्या ताटात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या हव्यात. चौघांच्या घराला महिन्याला जवळपास ४८ किलो! एवढी भाजी गॅलरीत पिकत नाही. ‘घरची भाजी, बाजार बंद’ हे स्वप्न शहरात सोडून द्यावे. मात्र कोथिंबीर, मेथी, पुदिना, मिरची, कढीलिंब, गवती चहा आणि मायाळू एवढ्यांत स्वावलंबी होणे नोकरी सांभाळूनही जमते. ताज्या पाल्याची खरी किंमतही इथेच आहे. तोडल्यानंतर पालेभाज्यांतले ‘क’ जीवनसत्त्व झपाट्याने घटते. कुंडीतून थेट कढईत गेलेल्या पाल्यात ते अधिक टिकते.

लोह आणि लिंबू

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. पालेभाजीतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. वर लिंबू पिळले तर ते जास्त शोषले जाते, जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी. पण रक्तक्षय असताना केवळ भाजीवर विसंबून लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. मूतखडा झालेल्यांनी पालक आणि अळू बेताने खावे. वॉर्फरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल, तर पालेभाजीचे प्रमाण अचानक वाढवू किंवा कमी करू नये. त्यातले ‘के’ जीवनसत्त्व औषधाच्या परिणामात ढवळाढवळ करते.

ताण आणि व्यायाम

नेदरलँड्समधला २०११ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग बोलका आहे. बागकामाची सवय असलेल्या ३० जणांना आधी मुद्दाम ताण येईल असे काम दिले गेले. मग काहींनी अर्धा तास बागकाम केले, तर काहींनी घरात बसून वाचन केले. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची पातळी दोन्ही गटांत उतरली, पण बागकाम करणाऱ्यांत ती अधिक उतरली. प्रयोग छोटा होता, तरी दिवसभर खुर्चीत आणि संध्याकाळ गर्दीत घालवणाऱ्यांनी त्याची दखल घ्यावी.

व्यायामाचा हिशेब मात्र वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. माती उकरणे, कुंड्या हलवणे त्यात धरता येते. झारीने पाणी घालणे धरता येत नाही. त्यामुळे बाग आहे म्हणून चालणे सोडू नये, रक्तदाबाच्या गोळ्या तर मुळीच नाहीत.

वेळेत बसणारी बाग

पहिले तीन महिने पाच-सहा कुंड्यांवर थांबावे. जिथे तीन-चार तास ऊन येते तिथे पालेभाज्या होतात. टोमॅटो-मिरचीला सहा तास ऊन हवे. मसाल्याच्या डब्यातली मेथी दाट पेरली, तर दहा-पंधरा दिवसांत कोवळी जुडी मिळते. धणे हलके रगडून पेरावेत. कोंब आलेला कांदा खोचला की पात येते. मायाळूचा वेल खिडकीच्या जाळीवर चढतो आणि त्याच्या पानांची भजी उत्तम होतात.

रोज सकाळी चहा उकळेपर्यंत पाणी आणि पानांवर एक नजर, रविवारी पाऊण तास पेरणी आणि खुरपणी, एवढे पुरते. गावी जाताना पाझरणारे छोटे मडके मातीत पुरून पाण्याने भरून ठेवले, तर दोन-तीन दिवस ओल टिकते. भाजीची देठे आणि साले सुक्या पाल्यासोबत झाकणाच्या डब्यात थरांनी रचली, तर दीड-दोन महिन्यांत खत होते. शिजवलेले अन्न त्यात टाकू नये, उंदीर येतात आणि उंदरांमागून लेप्टोस्पायरोसिसचा धोका. कामे घरात वाटून घ्यावीत. पाण्याची जबाबदारी मुलांकडे दिली, तर त्यांच्या ताटातही भाजी जाण्याची शक्यता वाढते.

काळजी

डेंग्यूचा एडिस डास कुंडीखालच्या ताटलीतल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व ताटल्या ओताव्यात आणि घासून कोरड्या कराव्यात. नुसते ओतणे पुरेसे नाही, कारण चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात.

मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. हातमोजे वापरावेत आणि दर दहा वर्षांनी टीडीची लस घ्यावी. मधुमेहींनी अनवाणी बागकाम करू नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर काटा रुतलेला कळत नाही. रंगाच्या जुन्या डब्यांत खाण्याच्या भाज्या लावू नयेत, त्यांत शिसे असू शकते. गच्चीवर वजनाचा विचार हवा. एक घनफूट ओली माती ४० ते ५० किलो भरते, त्यामुळे नारळाचा भुसा मिसळून कुंडी हलकी ठेवावी. ती उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाकावे.

तीन महिन्यांनी हिशेब पुन्हा मांडावा. कुंड्या जगल्या, ताटात पाला वाढला आणि कोणा एकावर भार पडला नाही, तर आणखी दोन कुंड्या आणाव्यात. तसे झाले नसेल, तर दोन कमी कराव्यात. कढीलिंबाचे एकच झाड नीट वाढवले, तरी रोजच्या फोडणीपुरते ते घर स्वावलंबी होते.