विद्येचे जाळे

दोन संगणकांमध्ये तार ओढली म्हणजे संवाद सुरू झाला, असे होत नाही. संदेशाचे तुकडे कसे करावयाचे, प्रत्येकावर पत्ता कसा लिहावयाचा, याचे नियम उभयतांस मान्य असावे लागतात. भारतात शिक्षणसंस्थांचे असे जाळे, 'अर्नेट', १९८६ साली आरंभिले गेले. पाच आयआयटी, बंगलोरची विज्ञानसंस्था व मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्यात होते. १९८९ साली या केंद्रातून अमेरिकेशी जोडणी झाली. वेग सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे सुमारे बाराशे रोमन अक्षरे! तेवढ्यानेही संशोधकाचा प्रश्न समुद्रापार जाऊन उत्तर घेऊन येऊ लागला. सामान्य नागरिकास इंटरनेट मिळाले ते १९९५ साली. तोवर जाळ्याबाहेरच्या महाविद्यालयास टपालाचीच वाट पाहावी लागे. म्हणून जाळ्याचा वेग विचारताना, त्यात कोणकोण आहे हेही विचारावे.