मागच्या बाकावरचे सुख

मोटारीविषयी आपल्या घरांत जी चर्चा चालते, ती बहुधा गाडीच्या पुढच्या अर्ध्या भागापुरती असते. इंजिन कसे आहे, पेट्रोल किती खाते, ब्रेक कसे लागतात, हे सारे चालवणाऱ्याचे प्रश्न. मागे बसणाऱ्याला कोणी काही विचारीत नाही. आणि मागच्या बाकावर बसतात कोण? घरातली वडील माणसे आणि मुले; म्हणजे ज्यांची हाडे जुनी अथवा कोवळी, तीच! त्यांच्या सुखाची राखण करणारी दोन नळकांडी त्या बाकाच्या खालीच असतात. गॅरेजच्या भाषेत त्यांना ‘शॉकप’ म्हणतात. मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रविद्येतला अधिकार माझा नव्हे. पण शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगावे, तशा चार गोष्टी या शॉकपविषयी सांगाव्यात असे वाटते.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली आणि १९७४ मध्ये तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. तिचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. आमची अजून चालते. खाजगी गाडीला पंधरा वर्षे झाली की तपासणी करून नोंदणी पुढे वाढवून घ्यावी लागते, ती आम्ही वेळच्या वेळी घेतो. वडिलांनी हौसेने घेतलेली वस्तू; ते गेले, गाडी राहिली. ती मोडीत काढण्याचा विषय निघाला की आई नुसती गप्प बसते, आणि मग विषय तिथेच राहतो.

बल्लारपूर हे कोळशाचे, कागदाचे आणि सागवानाचे गाव. तिन्ही जिन्नस जड. ते वाहून नेणाऱ्या ट्रकांच्या चाकांखाली रस्ते किती दिवस सपाट राहणार? त्यातून माझी बहीण दिली आहे अहेरीला. कोठारी, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली अशी ती वाट. दोन्ही बाजूंना जंगल, आणि आष्टीच्या पुढे सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक. आईच्या मणक्याला दोन वर्षांपूर्वी चीर गेली. डॉक्टरांनी प्रवासाला बंदी केली नाही, धक्क्यांना केली. आता या भागात प्रवास आणि धक्के वेगळे कसे काढायचे, हे त्यांनी सांगितले नाही!

गेल्या पावसाळ्यात अहेरीहून परतताना कोठारीच्या अलीकडे चितळांचा कळप एकाएकी रस्त्यावर आला. ब्रेक लागले, चितळे निघून गेली. पण ओल्या रस्त्यावर गाडीचे मागचे अंग दोन-तीन वेळा उडाले आणि कडेला सरकले. मागे आई होती. ती काही बोलली नाही. घरी आल्यावर मात्र म्हणाली, “भाऊबीजेला तुम्हीच जाऊन या. मी आता जायची नाही.” लेकीच्या घरची भाऊबीज तिने आजवर एकदाही चुकवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी डिकीच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार दिला आणि सोडून दिला. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली.

“पाहा सर, नाचून रायली,” ते म्हणाले. “शॉकप गेले दोन्ही.”

“पण पाटे तर शाबूत आहेत,” मी म्हणालो.

“पाटा वजन धरते, सर. त्याले चूप बसवणारा शॉकप. बँकेच्या काचेच्या दाराले वर नळी असते ना? ती नसली तर दार धाडकन आपटते. तसंच हे.”

एवढ्या वाक्यात सारे शास्त्र आले. पद्मिनीच्या मागच्या आसाला पोलादी पट्ट्यांचे पाटे असतात. खड्डा आला की पाटा वाकतो आणि धक्का झेलतो. पण झेललेला धक्का तो परत देतो. झोपाळ्याला एक झोका दिला की तो आपल्याआपण हलत राहतो, तसा. पाय टेकवून झोपाळा थांबवावा, ते काम शॉकपचे. त्याच्या नळीत तेल भरलेले असते आणि तेलात एक दट्ट्या फिरतो. दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा असतात. तेल त्यांतून सहजी जात नाही, म्हणून हालचाल मंदावते आणि तिचा जोर उष्णतेत विरून जातो. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर चांगला शॉकप हाताला कोमट लागतो, तो यामुळेच. आगगाडीतही हीच युक्ती आहे. पेरांबूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षे बनलेल्या जुन्या धाटणीच्या डब्यांत चाकांवरच्या स्प्रिंगांना तेलाच्या कुप्यांची जोड असते.

मात्र शॉकप म्हणजे केवळ आरामाची वस्तू, अशी समजूत असेल तर ती सोडावी. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे जातो आणि मागची चाके हलकी होतात. तशात त्यांना दाबून धरणारे कोणी नसेल, तर ती रस्त्यावर टपटप उड्या मारू लागतात. आणि हवेतल्या चाकाला ब्रेक लागून उपयोग काय? कोठारीजवळ झाले ते हेच. शिवाय शॉकप एका दिवसात मरत नाही. रोज थोडे थोडे बळ जाते, आणि बसणाऱ्यांचे शरीर त्याला सरावत जाते.

नवी जोडी नागपूरहून पार्सलने यायला चार दिवस लागले. दोन्ही एकदम का, एकाच नळीवर तेलाचा ओघळ दिसतो आहे ना, असे मी विचारले. मिस्त्री म्हणाले, “एक बैल तरणा अन् एक म्हातारा जुंपला, तर गाडी सरळ जाईल काय?”

काम दोन-अडीच तासांचे. पुढच्या चाकांना दगड लावले, मागचा भाग जॅकने उचलून भक्कम घोड्यांवर ठेवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचे नाही, हा त्यांचा दंडक. गंजलेल्या नटांना आदल्या रात्रीच तेल पाजून ठेवले होते, तरी वरच्या टोकाच्या एका नटाने अर्धा तास खाल्ला. काढलेला शॉकप त्यांनी माझ्या हातात दिला. वॉशर गेलेल्या सायकल-पंपाचा दांडा जसा सरकतो, तसा तो विनातक्रार आतबाहेर होत होता. नवा उभा धरून चार-सहा वेळा पूर्ण दाबला आणि ओढला, म्हणजे तेलातली हवा निघून जाते. रबरी बुश नवे घातले आणि शेवटचा पाना गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच फिरवला. अधांतरी आवळले तर रबर पिळून राहते.

सगळ्या गाड्यांची रचना अशी सुटसुटीत नसते, हेही सांगितले पाहिजे. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याने गेल्या शतकाच्या मध्यास स्प्रिंग आणि शॉकप एकाच खांबात बसवण्याची तऱ्हा रूढ केली. मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना असाच खांब, आणि काही गाड्यांना तो मागेही असतो. त्यातली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. योग्य शिकंजा न लावता वरचा नट सोडला तर ती गोळीसारखी उडते. तिथे घरगुती हौस नको. जाणत्या मिस्त्र्याकडेच जावे.

वाचकहो, आपल्या गाडीची परीक्षा मात्र घरी करता येते. तिला पै खर्च नाही. डिकीचा एकेक कोपरा दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली तर ठीक. झुलत राहिली तर शॉकप पाहून घ्या. नळीवर तेल व धूळ यांचा चिकट थर आहे का, टायर ठिकठिकाणी खोलगट झिजला आहे का, तेही पाहा. गाडी रिकामी असतानाच मागून बसलेली दिसत असेल, तर दोष बहुधा पाट्याचा अथवा स्प्रिंगचा. तिथे शॉकप बदलून भागणार नाही.

आणि एक परीक्षा याहून सोपी आहे. चालवण्याचे काम दुसऱ्या कोणाला देऊन स्वतः मागच्या बाकावर बसा आणि नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारून या. आई भाऊबीजेला येणार आहे. पण त्याआधी कोठारीपर्यंत ती फेरी मी मारून आलो आहे.