मूत्रपिंडाचा कॅन्सर आणि फुफ्फुसातली गाठ



आपल्या भडगाव-पाचोरा पट्ट्यात मुतखडा हा घरोघरचा विषय आहे. कंबरेत कळ आली की माणूस सोनोग्राफीला जातो. खडा सापडतो किंवा सापडत नाही, पण एखाद्या वेळी डॉक्टर म्हणतात, "खड्याचं राहू द्या, किडनीवर गाठ दिसतेय." हल्ली मूत्रपिंडाचे पुष्कळ कॅन्सर असेच, दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत सापडतात. मग छातीचा सीटी स्कॅन होतो आणि रिपोर्टात आणखी एक ओळ येते, की फुफ्फुसात पाच-सहा मिलिमीटरची गाठ आहे.

ही ओळ वाचून घरात दोन तट पडतात. कुणी म्हणतं, "पसरलाय, आता ऑपरेशनला पैसा कशाला घालता?" कुणी म्हणतं, "जुना टीबी असेल, सोडून द्या." दोन्ही बोलणी तपासाशिवायची. पहिल्या बोलण्याने बरा होऊ शकणारा माणूस घरी परत आणला जातो, दुसऱ्याने मोलाचे महिने जातात.

आधी फुफ्फुसाचाच संशय का, ते पाहू. मूत्रपिंडातून निघालेलं रक्त मोठ्या शिरेने हृदयाच्या उजव्या बाजूला येतं आणि तिथून थेट फुफ्फुसात जातं. जामदा कालव्यात वर पडलेला पालापाचोळा जसा खाली पहिल्या जाळीला अडकतो, तसंच हे आहे. कॅन्सरच्या पेशी रक्तात सुटल्या तर त्यांना लागणारी पहिली बारीक जाळी म्हणजे फुफ्फुस. म्हणून हा रोग दूर पसरतो तेव्हा सर्वांत जास्त वेळा तो फुफ्फुसातच आढळतो. हाडं, यकृत, मेंदू ही ठिकाणं त्यानंतरची.

पण जाळीला अडकलेलं सगळंच काही एका झाडाचं नसतं. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गोल डागाला डॉक्टर नोड्यूल म्हणतात. तो अनेक कारणांनी होतो. आपल्याकडे मुख्य कारण म्हणजे बरा झालेला टीबी. कित्येकांना टीबीचा संसर्ग होऊन गेलेला असतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. मागे राहते ती चुना साठलेली कडक गाठ. आणि साखर कारखान्याच्या माणसांसाठी एक वेगळी गोष्ट. बुरशी लागलेल्या जुन्या बगॅसची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर बगॅसोसिस नावाचा विकार होतो, त्यातही फुफ्फुसात बारीक ठिपके दिसतात. तेव्हा बगॅस यार्डात काम केलं असेल तर ते डॉक्टरांना आपण होऊन सांगावं. ते काही फोटोत लिहिलेलं नसतं.

मग ओळखायचं कसं? पूर्ण चुना भरलेली गाठ बहुधा जुनी आणि निरुपद्रवी. वरच्या भागात, व्रणांच्या शेजारी असेल तर टीबीकडे बोट जातं. दोन्ही फुफ्फुसांत, कडेला, गुळगुळीत काठाच्या, लहान-मोठ्या अनेक गाठी असतील तर पसरलेल्या रोगाचा संशय बळावतो. बिडी ओढणाऱ्याच्या छातीत काटेरी काठाची एकच गाठ असेल, तर तो फुफ्फुसाचा स्वतंत्र कॅन्सरही असू शकतो. मूळ गाठीचा आकारही बघतात. मूत्रपिंडातली गाठ चार सेंटिमीटरच्या आत असेल तर ती क्वचितच पसरलेली असते. सात सेंटिमीटरच्या पुढे धोका बराच वाढतो.

या सगळ्यापेक्षा मोठा साक्षीदार म्हणजे वेळ. कॅन्सरची गाठ वाढते, जुना व्रण जिथल्या तिथे राहतो. म्हणून अगदी बारीक गाठ असेल तर डॉक्टर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायला सांगतात. लोकांना वाटतं, डॉक्टर टाळाटाळ करतात. पण तीन-चार मिलिमीटरच्या ठिपक्यात सुई घालायची कशी, हे तर बघा! मोठ्या गाठीतून मात्र सीटीच्या मदतीने सुईने तुकडा काढता येतो. त्यात छातीत हवा भरण्याचा किंवा रक्त जाण्याचा थोडा धोका असतो, तो आधी समजून घ्यावा. एकच गोष्ट करू नये, ती म्हणजे तपास न करता अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू करणं. थुंकीची सीबीनॅट तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

आणि गाठ कॅन्सरचीच निघाली तर? तर तेवढ्यावरून सगळं संपलं, असं धरू नका. अमेरिकेतील बॉस्टनचे डॉक्टर बार्नी आणि चर्चिल यांनी १९३९ साली एका बाईंची हकीकत छापली. त्यांचं कॅन्सरचं मूत्रपिंड आणि पसरलेली गाठ असलेला फुफ्फुसाचा भाग, दोन्ही काढले होते. त्या बाई पुढे तेवीस वर्षं जगल्या आणि गेल्या त्या हृदयविकाराने. सगळ्यांचं असं होत नाही. पण गाठी मोजक्या असतील आणि पहिल्या ऑपरेशननंतर बऱ्याच काळाने आल्या असतील, तर आजही त्या काढण्याचा विचार होतो.

गाठी पुष्कळ असतील तर औषधं. नेहमीच्या केमोथेरपीला हा कॅन्सर फारसा दाद देत नाही, हे खरं. पण २००५-०६ पासून सोराफेनिब, सुनिटिनिब अशा गोळ्या आल्या, आणि २०१५ पासून शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी इंजेक्शनं. अशा रोग्याचं मूत्रपिंड आधी काढलंच पाहिजे, हा जुना नियमही राहिला नाही. २०१८ साली फ्रान्समधील एका मोठ्या अभ्यासात, नुसत्या गोळ्यांवर ठेवलेले रोगी ऑपरेशन केलेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. म्हणून घाईने किडनी काढून घेण्याआधी विचारावं, "छातीचा स्कॅन झालाय का? गाठी किती आहेत?"

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. तिची सुरुवात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने झाली, आणि पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला शेजारचा धुळे होता. महागडी इंजेक्शनं मात्र बसतात की नाही, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्यावं. शेत विकायला काढण्याआधी ही चौकशी करायचीच.

परळच्या टाटा हॉस्पिटलला निघालात तर पाचोऱ्याहून किंवा चाळीसगावहून गाडीत बसताना पिशवीत एवढं असू द्या: सीटीची सीडी, ऑपरेशन झालं असेल तर गाठीच्या तपासणीचा कागद आणि तिचे मेणातले ठोकळे. आणि छातीचा जुना फोटो. दहा वर्षांपूर्वीचा, माळ्यावर पडलेला का असेना, शोधून न्या. त्यात तोच डाग तेवढाच दिसला, तर पुष्कळदा सुई घालण्याची गरजच उरत नाही.