कासवाचे अंडे उलटे होऊ नये म्हणून

नांदेडच्या घाटांवरून वाहत गेलेली गोदावरी आणि लातूर जिल्ह्यातून आलेली मांजरा तेलंगणातील कंदकुर्ती येथे एकमेकींना मिळतात. हेच पाणी पुढे आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. तेथे गोदावरीच्या मुखाजवळ, काकीनाड्यानजीकच्या होप बेटावर, हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालण्यासाठी येतात. मराठवाड्यातून समुद्र दिसत नाही, इतकेच. याच कासवांची कोकण किनाऱ्यावरील हकीकत जीवदया जपणाऱ्या कुटुंबांनी आवर्जून जाणून घ्यावी अशी आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास हे लहानसे गाव आहे. २००२ साली भाऊ काटदरे आणि चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते तेथे समुद्री गरुडांची पाहणी करीत असता वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. माणसे घरटी उकरून अंडी नेत; उरलेली कुत्री आणि कोल्हे संपवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले आहे. पण कायदा किनाऱ्यावर रात्रभर जागत नाही. जागायला ग्रामस्थ तयार झाले, वनखात्याची साथ मिळाली, आणि पहिला प्रश्न उभा राहिला : अंडी सुरक्षित जागी हलवावयाची कशी?

प्रश्न सोपा वाटतो. एखादा सहृदय माणूस अंडी टोपलीत भरील, घरी नेईल, उबेला ठेवील. त्या दयेने बहुतेक पिल्ले अंड्यातच मरतील. पक्षीण आपली अंडी फिरवीत असते. कासवाच्या अंड्यात मात्र काही तासांतच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस चिकटतो. त्यानंतर अंडे उलटले तर गर्भ दगावतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून पहाटेच किनारा पायी धुंडाळावा लागतो. अंडे ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत अलगद उचलून, कुंपण घातलेल्या जागेत, मूळ घरट्याइतक्याच म्हणजे सुमारे दीड फूट खोल खड्ड्यात ठेवावे लागते. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात; प्रत्येकाची ही जयणा राखावयाची. दशवैकालिक सूत्राने ज्ञानाला दयेच्या आधीचे स्थान का दिले असावे, हे त्या खड्ड्यापाशी समजते.

खोली मोजण्यालाही कारण आहे. कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही निपजतात; वाळू त्याहून तापली तर माद्या अधिक, थंड राहिली तर नर अधिक. उन्हाळे कडक होत चालले असता घरट्यांवर सावली करावी काय आणि किती करावी, हे तापमानाच्या नोंदी पाहूनच ठरवावे लागते.

जानेवारी २०२२ मध्ये देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठविणारे यंत्र बसविले. तिचे नाव ठेवले ‘प्रथमा’. पुढील वर्षी गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. उलट दिशेचा पुरावा २०२५ च्या आरंभी मिळाला. गुहागरला अंडी घालण्यास आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर ०३२३३ क्रमांकाची धातूची पट्टी होती. ती भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने २०२१ मध्ये ओडिशात लावलेली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे निराळी, या समजाला त्या पट्टीने धक्का दिला. नोंद चोख असेल तर दूरच्या पेढीवरही चार वर्षांनी हिशेब जुळतो, तसेच हे झाले.

भर समुद्रात मात्र कुंपण घालता येत नाही. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात अडकून वर येता आले नाही तर ते बुडून मरते. त्याला सोडविण्यासाठी जाळे कापावे, तर नुकसान मच्छीमाराचे. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्र शासनाने अशा मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्यास आरंभ केला. हातावर पोट असलेल्याच्या दयेचा खर्च त्याच्याच माथी मारू नये, हा विचार व्यापाऱ्याला लगेच पटेल.

वेळासला आता उन्हाळ्याच्या तोंडी कासव महोत्सव भरतो. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. तोपर्यंत घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात. सकाळ-संध्याकाळ त्या उचलून पाहतात. पिल्ले निघाली असतील तर ती पाण्यापासून काही अंतरावर वाळूतच सोडली जातात. उचलून लाटेत टाकली जात नाहीत, कारण त्या धावेतच त्यांना किनाऱ्याची ओळख पटत असावी, असे अभ्यासक मानतात. पिल्ले उजेडाकडे धावतात, म्हणून विजेऱ्या विझवून ठेवाव्या लागतात. कधी टोपलीखाली नुसती वाळूच असते. लांबून आलेली मुले हिरमुसतात, कोणी उकरून पाहा असेही सुचवितो. कार्यकर्ता टोपली पुन्हा पालथी घालतो आणि संध्याकाळी यायला सांगतो.