वेखंडाचे पाय चिखलात

बाळगुटीच्या सामानात हिरडा, मुरडशेंग, हळकुंड यांच्याशेजारी एक गाठाळ, पिंगट तुकडा असतो. सहाणेवर दोन वळसे दिले की त्याचा उग्र वास खोलीभर पसरतो. हे वेखंड घराघरांत आहे, पण त्याचं हिरवं रूप फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. तो तुकडा म्हणजे मूळ नव्हे. चिखलात आडवं सरपटणारं खोड आहे. हिमालयाच्या उतारांपासून मणिपूरपर्यंतच्या पाणथळ जागी वेखंड आपसूक वाढतं, तर कर्नाटकात तुमकूरकडे भातासारखी चिखलणी करून त्याची शेती होते.

मिरचीच्या कुंडीत पाणी तुंबलं की मुळं कुजतात, कारण त्यांना हवा मिळत नाही. वेखंडाच्या तलवारीसारख्या पानांपासून मुळांपर्यंत मात्र पोकळ्यांचं जाळं असतं आणि त्यातून प्राणवायू खाली उतरतो. त्यातला थोडा मुळांबाहेर झिरपतो. त्यावर जगणारे जिवाणू पाण्यातली घाण कुजवून संपवतात. पाणथळी पाणी निवळतात, त्यामागे अशा वनस्पतींचा मोठा हात आहे. हवा पूर्ण तुटली, तरी खोडात साठवलेल्या पिष्टावर वेखंड कित्येक आठवडे तग धरतं.

त्याचं घराणंही जुनं आहे. भात, ज्वारी, ऊस, केळ, नारळ, कांदा, हळद या सगळ्या एकदल वनस्पती. त्यांच्या वंशवृक्षाच्या बुंध्याशीच जी फांदी वेगळी झाली, ती वेखंडाची. याला 10 कोटींहून जास्त वर्षं झाली.

हे झाड गच्चीतही लावता येतं. तळाला भोक नसलेला, दहा इंच खोल टब घ्या. त्यात चिकणमाती आणि थोडं कुजलेलं शेणखत भरा. बोटभर लांबीचं, कोंब असलेलं ओलं खोड डोळा वर ठेवून आडवं पुरा. वर जाडसर वाळूचा थर द्या आणि पाणी त्या थराच्या जरा खालीच राहू द्या. माती चिंब राहील, डासांना उघडं पाणी मिळणार नाही. चार-पाच तास ऊन पुरे. माती सुकली की पानांचे शेंडे करपतात. रोप रोपवाटिकेतूनच आणा, रानातल्या पाणथळीतून उपटू नका.

एक इशारा मात्र मनापासून द्यायचा आहे. वेखंडातल्या बीटा-असारोन या घटकामुळे उंदरांमध्ये गाठी झाल्याचं दिसल्यावर अमेरिकेने 1968 मध्ये खाद्यपदार्थांत वेखंडाच्या वापरावर बंदी घातली. वेखंडाच्या वाणावाणांत या घटकाचं प्रमाण खूप वेगळं असतं आणि आपल्या टबातलं वाण कोणतं, हे नुसतं पाहून कळत नाही. म्हणून घरचं वेखंड बाळाला उगाळून चाटवू नका.

दुकानातला वाळका तुकडा मातीत पुरला तर तो फुटत नाही. वेखंडाला जिवंत ठेवतो तो चिखल. गावाबाहेरच्या ज्या दलदलीला आपण पडीक म्हणतो आणि भराव टाकून बुजवतो, तिथे असंच काही श्वास घेत असतं.