एक शब्द, अर्थ अनेक

शब्द सुटा असतो तेव्हा त्याचा अर्थ पुरता ठरलेला नसतो; वाक्यात त्याची जागा ठरली की अर्थही निश्चित होतो. इंग्रजीतील ‘टेबल’ हा शब्द या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मराठी घरांत तो इतका रुळला आहे की, परका वाटत नाही. टेबल म्हणजे सपाट पृष्ठभागाचे मेज, हा अर्थ सर्वांच्या परिचयाचा आहे. इंग्रजीत मात्र या शब्दाचा विस्तार बराच मोठा आहे.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘ताबुला’ या शब्दात आहे. ताबुला म्हणजे फळी; लिहिण्याच्या पाटीलाही हाच शब्द होता. पुढे ‘सपाट पृष्ठभाग’ आणि ‘पद्धतशीर मांडणी’ या दोन कल्पनांभोवती त्याचे निरनिराळे अर्थ विकसित झाले.

म्हणूनच गणितात ‘टेबल्स’ म्हणजे पाढे, रसायनशास्त्रात ‘पिरिऑडिक टेबल’ म्हणजे आवर्तसारणी आणि शाळेत ‘टाइमटेबल’ म्हणजे वेळापत्रक होय. विहिरीच्या संदर्भात ‘वॉटर टेबल’ म्हणजे भूजलपातळी, तर पाचगणीचे ‘टेबललँड’ म्हणजे विस्तीर्ण पठार. १९३० ते १९३२ या काळात लंडन येथे तीन ‘राउंड टेबल कॉन्फरन्स’ भरल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या तिन्ही परिषदांना उपस्थित होते. मराठीने त्यांना ‘गोलमेज परिषद’ म्हटले. येथे मेजाच्या आकाराला महत्त्व नाही; सर्व पक्षांनी समोरासमोर बसून वाटाघाटी करणे हा त्यातील आशय आहे. इंग्रजीत एकच शब्द असला, तरी मराठीला प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द योजावा लागतो.

हाच शब्द क्रियापद म्हणून आला की अधिक सावध राहावे लागते. ब्रिटनमध्ये आणि भारतात एखादा प्रस्ताव ‘टेबल करणे’ म्हणजे तो चर्चेसाठी सभेपुढे मांडणे. आपल्या विधिमंडळांत कागदपत्रे ‘सभागृहाच्या पटलावर ठेवली’ जातात, तीही याच कल्पनेतून. अमेरिकेत मात्र प्रस्ताव ‘टेबल करणे’ म्हणजे त्यावरील चर्चा बाजूला ठेवणे. एकाच भाषेतील एकाच शब्दाचे हे अर्थ परस्परविरुद्ध आहेत.

यातून उद्भवलेला एक प्रसंग विन्स्टन चर्चिल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात नोंदवला आहे. ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांना एका टिपणाचा तातडीने विचार व्हावा असे वाटत होते. ते टिपण ‘टेबल’ करण्याची इच्छा त्यांनी अमेरिकी सहकाऱ्यांना कळवली. अमेरिकी अधिकाऱ्यांचा समज असा झाला की, ते टिपण बासनात गुंडाळून ठेवायचे आहे. बराच वेळ कडाक्याचा वाद झाला. दोन्ही बाजूंना एकच गोष्ट हवी आहे, हे सर्वांना उशिरा उमगले. युद्धकाळात जेथे प्रत्येक तास मोलाचा, तेथे मतभेद नसतानाही एका शब्दापायी वेळ खर्ची पडला.

मराठी भाषकाला शब्दांचे हे वागणे नवीन नाही. भूक लागते, नोकरी लागते, दिवा लागतो आणि घाटात एखाद्याला गाडीही लागते. या प्रत्येक ‘लागणे’चा अर्थ मराठी माणसाला सहज कळतो, कारण संदर्भ त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. परभाषा वाचताना हा सराव नसतो. त्यामुळे शब्दकोशातील पहिलाच अर्थ उचलून वाक्यात बसवण्याचा मोह होतो.

शब्दकोश शब्दाचे संभाव्य अर्थ सांगतो. त्यांतील नेमका अर्थ निवडण्याचे काम वाचकाचे असते. त्यासाठी शब्द नाम आहे की क्रियापद, त्याच्या शेजारी कोणते शब्द आहेत, विषय कोणता आहे आणि लिहिणारा कोणत्या देशातील आहे, हे पाहावे. अर्थ वाक्याशी जुळत नसेल, तर शब्दकोशातील पुढचा अर्थ तपासावा. शब्द ओळखीचा असला, तरी त्याचा अर्थ प्रत्येक वाक्यात नव्याने पारखून घ्यावा लागतो.